जिना सगळ्यांचा, पाइप कोणाचा? इंदिरानगरच्या व्यापारी संकुलांतील प्लंबिंग-देखभालीचा आढावा

इमारतीची खरी प्रकृती तिच्या मागच्या बाजूला कळते. नाशिकमधल्या इंदिरानगरच्या रस्त्यांवर दर्शनी भागात काचा, पाट्या, नवा रंग दिसतो. मागच्या डक्टमध्ये मात्र गंजलेले जी.आय. पाइप, त्यांना सुतळी आणि एम-सील लावून केलेली डागडुजी, प्लास्टरवर उमटलेले ओलीचे नकाशे आणि सांध्यात मूळ धरलेला पिंपळ अशी अवस्था असते. ही अवस्था एका रात्रीत येत नाही. दहा-पंधरा वर्षे कोणीच पाहिले नाही, म्हणून ती येते.

व्यापारी इमारतींच्या प्लंबिंगची नियमित देखभाल करून देणाऱ्या सेवा आता नाशिकमध्ये नवीन राहिलेल्या नाहीत. टाकी धुणारे आहेत, जेटिंग मशीन घेऊन येणारे आहेत, वार्षिक करार करणाऱ्या संस्था आहेत. तरीही बहुतेक संकुलांत प्लंबर येतो तो पाणी तुंबल्यावर किंवा छत गळू लागल्यावरच. या आढाव्यातून माझे मत असे बनले आहे की अडचण तंत्राची नाही आणि मोठ्या खर्चाचीही नाही. सामाईक पाइप नेमका कोणाचा, हे बहुतेक इमारतींनी ठरवलेलेच नाही. ते ठरेपर्यंत कितीही चांगली सेवा विकत घेतली तरी ती कागदावरच राहते.

मीटरच्या अलीकडचे पाणी

नाशिकला गंगापूर, दारणा आणि मुकणे या धरणांतून पाणी मिळते. इगतपुरी तालुक्यातल्या मुकणे धरणातून येणारी जलवाहिनी विल्होळीच्या जलशुद्धीकरण केंद्रात येते आणि तिथून इंदिरानगर-पाथर्डीच्या बाजूला पाणी पोहोचते. पण नळाला दिवसभर दाब नसतो. ठरलेल्या वेळी येणारे पाणी जमिनीखालच्या टाकीत साठवायचे, मोटरने गच्चीवर चढवायचे आणि तिथून मजल्यामजल्यावर उतरवायचे, ही आपल्याकडची रीत. त्यामुळे प्रत्येक संकुल हे एक छोटे पाणीपुरवठा केंद्रच असते. महापालिका मीटरपर्यंत पाणी आणून देते. मीटरनंतर ते स्वच्छ राहील की नाही, हे इमारतीच्या टाक्या, व्हॉल्व्ह आणि पाइप ठरवतात.

पंपिंग स्टेशनच्या किंवा मुख्य वाहिनीच्या दुरुस्तीसाठी पुरवठा अधूनमधून बंद ठेवावा लागतो. नंतर पाणी सुरू झाले की वाहिनीत बसलेला गाळ हलतो आणि पहिले पाणी गढूळ येते. ते थेट तळटाकीत घेतले, तर गाळ वर्षभर टाकीच्या तळाशी साचत राहतो. अनेक ठिकाणी कूपनलिकेचे पाणीही त्याच टाकीत मिसळतात. नाशिक काळ्या बेसॉल्ट खडकावर वसले आहे आणि इथल्या कूपनलिकांचे पाणी धरणाच्या पाण्यापेक्षा जड असते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येतो. दोन्ही पाणी एकत्र केले की गीझरच्या कॉइलवर, नळांच्या जाळ्यांवर आणि फ्लशच्या व्हॉल्व्हवर पांढरा थर चढू लागतो. त्याच मानकात नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन असावे, असे म्हटले आहे. उघड्या झाकणाच्या, गाळ साचलेल्या टाकीत हे क्लोरीन लवकर संपते. ते मोजण्याचा संच स्वस्त असतो आणि वॉचमनलाही वापरता येतो, पण तो ठेवलेला क्वचितच आढळतो.

वापर बदलला, पाइप तोच राहिला

इंदिरानगरच्या व्यापारी इमारतींचा एक विशेष लक्षात घ्यायला हवा. इथे निव्वळ कार्यालयांची इमारत कमी. तळमजल्यावर किराणा, मोबाइल आणि मिसळीचे हॉटेल, पहिल्या मजल्यावर दंतवैद्य आणि पॅथॉलॉजी लॅब, त्यावर कोचिंग क्लास, कधी एखादे लहान रुग्णालय, आणि कुठे सगळ्यांच्या वर निवासी फ्लॅट. या सर्वांचे सांडपाणी बहुधा एकाच उभ्या पाइपातून खाली येते.

राष्ट्रीय बांधकाम संहितेत पाण्याच्या गरजेचे आकडे दिले आहेत: कार्यालयासाठी दरडोई दिवसाला ४५ लिटर, उपाहारगृहासाठी प्रत्येक आसनामागे ७० लिटर, शंभर खाटांपर्यंतच्या रुग्णालयासाठी खाटेमागे ३४० लिटर. यावर साधा हिशेब करून पाहावा. कार्यालयासाठी बांधलेल्या गाळ्यात चाळीस आसनांचे हॉटेल आले, की तिथली गरज २,८०० लिटर होते. म्हणजे बासष्ट कर्मचाऱ्यांएवढी. दहा खाटांचे रुग्णालय आले तर ३,४०० लिटर. गाळा भाड्याने देताना मालक भाडे पाहतो, भाडेकरू जागा पाहतो. या पाइपाला हे झेपेल का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. नंतर जे ‘वारंवार तुंबते’ त्याचे मूळ पुष्कळदा इथे असते. म्हणून कोणत्याही देखभालीची सुरुवात इमारतीचा आजचा वापर लिहून काढण्यापासून व्हायला हवी.

बिघाड कुठे जन्मतो

पुरवठ्याच्या बाजूला सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे व्हॉल्व्ह. वर्षानुवर्षे न फिरवलेला गेट व्हॉल्व्ह जागीच जाम होतो. चौथ्या मजल्यावर पाइप फुटला की वरचा व्हॉल्व्ह बंद होत नाही, मग गच्चीवरची सगळी टाकी रिकामी होईपर्यंत पाणी पाहत उभे राहावे लागते. तीन महिन्यांतून एकदा प्रत्येक व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून पुन्हा उघडणे, एवढाच यावरचा उपाय आहे. त्याला पैसे लागत नाहीत, नोंद लागते. कोणता व्हॉल्व्ह कोणत्या लाइनचा, याची पत्र्याची चिठ्ठीही प्रत्येकाला लावलेली असावी.

दुसरी गोष्ट गळतीची. दर सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला वीस लिटरांच्या आसपास पाणी घालवतो. फ्लशच्या टाकीतून भांड्यात झिरपणारे पाणी याहून कितीतरी जास्त असते आणि ते दिसतही नाही. रात्री सर्व गाळे बंद झाल्यावर मोटर बंद करून गच्चीवरच्या टाकीची पातळी लिहून ठेवावी आणि सकाळी गाळे उघडण्यापूर्वी पुन्हा पाहावी. कोणी वापरत नसताना पातळी उतरली, तर गळती आहे हे नक्की.

उंचीचाही विचार हवा. दहा मीटर उंचीमागे पाइपात साधारण एक किलोचा दाब वाढतो. त्यामुळे उंच इमारतीत वरच्या मजल्याला पाणी बारीक येते आणि तळमजल्याच्या नळांचे वायसर लवकर झिजतात. जुन्या जी.आय. पाइपांत गंज आधी आट्यांच्या सांध्यांवर बसतो, कारण तिथे जस्ताचा थर कापला गेलेला असतो. नंतर सी.पी.व्ही.सी. आले, त्याला गंज नाही. पण उन्हात उघडे टाकले तर ते ठिसूळ होते, आणि सोल्व्हंट नीट न लावलेला सांधा काही वर्षांनी सुटतो.

सांडपाण्याच्या बाजूला पहिला शत्रू चरबी. मिसळीची तर्री, तळणीचे तेल, भांड्यांचे खरकटे हे गरम पाण्याबरोबर सहज वाहून जाते आणि पुढे पाइपात थंड होऊन थिजते. नाशिकला हिवाळ्यात पारा दहा अंशांखाली उतरतो, तेव्हा हे थिजणे वेगाने होते. हॉटेलच्या मोरीनंतर लगेच ग्रीस ट्रॅप बसवणे आणि तो दर आठवड्याला उपसणे, हा उपाय सर्वांना माहीत आहे. उपसण्याचा कंटाळा आल्याने तो फसतो. तुंबले की ॲसिड ओतायचे, ही सवय त्याहून वाईट. ॲसिडने चरबी विरघळत नाही. जुने बिडाचे पाइप, फरशीचे सांधे आणि ओतणाऱ्याचे हात मात्र खराब होतात.

तिसरी बाजू गच्चीची. पावसाळी पाइपाच्या तोंडावरची जाळी मे महिन्यात साफ केली नाही, तर जूनमध्ये गच्चीचे तळे होते आणि ते पाणी वाट काढत वरच्या मजल्याच्या स्लॅबमध्ये उतरते. पावसाचे पाइप ड्रेनेजला जोडलेले असतील तर पहिल्याच मोठ्या पावसात तळमजल्याचे चेंबर उफाळते. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल संचय बंधनकारक केला आहे. त्यासाठीचा खड्डा केल्यानंतर त्याचा गाळ कोण काढणार, हे मात्र कागदावर सापडत नाही.

न दिसणारा धोका

प्लंबिंगची हयगय आरोग्यावर कशी उलटते, याचे सर्वांत ठळक उदाहरण हाँगकाँगचे आहे. २००३ साली सार्सच्या साथीत तिथल्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत तीनशेहून अधिक रहिवाशांना लागण झाली. तपासात जी कारणे पुढे आली, त्यांत न्हाणीघरातले कोरडे पडलेले ट्रॅप हे महत्त्वाचे होते. फरशी पुसून घेण्याच्या सवयीने ट्रॅपमध्ये पाणी उतरत नव्हते, पाण्याचा पडदा सुकला होता आणि सांडपाण्याच्या पाइपातली हवा घरांत शिरत होती. आपल्याकडच्या नहाणी ट्रॅपमध्येही साधारण ५० मिलिमीटरचा असाच पडदा असतो. रिकाम्या गाळ्यात, सुट्टीतल्या क्लासमध्ये, न वापरलेल्या स्वच्छतागृहात तो दोन-तीन आठवड्यांत आटतो. आठवड्याला एक तांब्या पाणी ओतणे ही इतकी छोटी कृती आहे, की ती कोणाच्याच कामाच्या यादीत येत नाही.

१९७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलातल्या संमेलनानंतर पसरलेल्या साथीतून लिजिओनेला जिवाणूची ओळख जगाला झाली. हा जिवाणू साचलेल्या, साधारण २५ ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतो. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी या पट्ट्यात सहज जाते. महाराष्ट्रातले अनुभवही ताजे आहेत. इचलकरंजीत २०१२ मध्ये दूषित पाण्यातून काविळीची साथ पसरली. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा संशय पाण्यावरच गेला आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला. रुग्णालय आणि हॉटेल एकाच टाकीचे पाणी वापरत असतील, तर त्या टाकीचे झाकण नीट बसते की नाही, ही सर्वांच्या काळजीची बाब आहे.

सेवा देणारे तीन प्रकार

पहिला, ओळखीचा प्लंबर. त्याला इमारतीच्या भिंतींच्या आत काय आहे ते पाठ असते. जुन्या इमारतींचे नकाशे हरवलेले असतात, तेव्हा त्याची स्मरणशक्ती हाच नकाशा. पण तो बोलावल्यावरच येतो, लेखी काही ठेवत नाही, आणि त्याने काम सोडले की ज्ञानही त्याच्याबरोबर जाते.

दुसरा, एकेका कामाची एजन्सी. टाकी उपसून, गाळ ओढून, उच्च दाबाच्या पाण्याने भिंती धुऊन निर्जंतुक करणारी. किंवा जेटिंग आणि कॅमेऱ्याने ड्रेनेज लाइन तपासणारी. बांबूच्या खपच्यांनी वाट मोकळी होते, पण पाइपाच्या भिंतीवरचा थर तसाच राहतो. जेटिंगने तो निघतो आणि कॅमेऱ्याने तडा कुठे आहे ते दिसते. हे काम चांगले असते, पण सुटे असते.

तिसरा, वार्षिक देखभाल करार. यात दोन तऱ्हा आहेत: फक्त मजुरीचा आणि सुट्या भागांसह. मजुरीचा करार स्वस्त दिसतो, पण प्रत्येक वायसरसाठी वेगळी मंजुरी लागते आणि गाळेधारकांच्या बैठकीत वेळ जातो. सुट्या भागांसहचा करार महाग पडतो. मात्र त्यात कंत्राटदाराला बिघाड टाळण्यात फायदा असतो, कारण प्रत्येक बिघाडाचा खर्च त्याच्या खिशातून जातो. मध्यम संकुलासाठी माझी शिफारस अशी, की ठरावीक रकमेपर्यंतचे भाग करारात घ्यावेत, त्यावरचे कमिटीच्या मंजुरीने, आणि ओळखीच्या प्लंबरला याच करारात सामावून घ्यावे. त्याचे ज्ञान आणि एजन्सीची यंत्रे एकत्र आली, तरच इमारतीचा फायदा.

प्लंबरच्या शिक्षणाबद्दलही बोलायला हवे. आय.टी.आय.मध्ये प्लंबर हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. देशभर काम करणाऱ्या प्लंबरांत ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातल्या कारागिरांचा वाटा मोठा आहे. तिथल्या पट्टामुंडाईत या कामाची स्वतंत्र शासकीय संस्थाही आहे. आपल्याकडे अजून हे काम बहुतांशी उस्तादाच्या हाताखालीच शिकले जाते. त्यात हातोटी येते, पण दाबाचा हिशेब, ट्रॅप आणि व्हेंट पाइपचे शास्त्र मागे पडते. करार करताना परवानाधारक प्लंबर कोण आणि प्रत्यक्ष कामावर कोण येणार, ही दोन्ही नावे लिहून घ्यावीत.

वर्षाचे वेळापत्रक

चांगल्या कराराची ओळख त्यातल्या तारखांवरून होते. ‘गरजेनुसार भेट’ असे लिहिलेला करार म्हणजे बिघाडानंतरचीच सेवा. नाशिकच्या हवामानाला धरून वेळापत्रक असे बसते. जानेवारीत मोटर, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पाणीपातळीचा कंट्रोलर आणि सर्व बॉलकॉक तपासावेत. मार्चअखेरीस, पाणीकपातीचा काळ येण्यापूर्वी, गळतीची रात्रीची तपासणी करावी. मे महिन्यात गच्चीच्या जाळ्या, पावसाळी पाइप, आवारातले चेंबर आणि संचयाचा खड्डा साफ व्हावा, डक्टमधली पिंपळाची रोपे मुळासकट काढावीत. जुलैत भर पावसात एकदा फिरून ओल कुठे उतरते ते टिपून ठेवावे. कोरड्या दिवसांत ती सापडत नाही. ऑक्टोबरमध्ये, गढूळ पाण्याचा हंगाम संपल्यावर, दोन्ही टाक्या धुवाव्यात, आणि एप्रिलमध्ये पुन्हा. डिसेंबरमध्ये हॉटेलांच्या लाइनचे जेटिंग करावे.

या सगळ्याची एक वही असावी. तारीख, काय पाहिले, काय सापडले, काय केले, सही. ही वही असली की कंत्राटदार बदलला, कमिटी बदलली तरी इमारतीची आठवण टिकते.

कायदा कुठे थांबतो

लिफ्टसाठी राज्यात १९३९ साली कायदा झाला आणि २०१७ मध्ये नवा आला. आगीच्या बाबतीत २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यानुसार मालकाने किंवा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यायचे असते. तीस वर्षांहून अधिक काळ वापरात असलेल्या इमारतींची संरचनात्मक तपासणी महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ मध्ये आहे. नव्या इमारतीत रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचे किंवा कारागिरीचे दोष आढळले, तर ते विकासकाने दुरुस्त करायचे असतात; पाइपांची निकृष्ट जोडणी दाखवून देण्याची तीच वेळ असते.

रोजच्या वापरातल्या पाणी आणि सांडपाण्याच्या यंत्रणेला मात्र असे ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र लागत नाही. गळणारा पाइप स्लॅबमधल्या सळईला गंजवतो, काँक्रीट फुगते, आणि तिसाव्या वर्षी संरचनात्मक तपासणीत जे निघते, त्याची सुरुवात पंधराव्या वर्षीच्या ओलीत असते. कायदा परिणाम तपासतो. कारण तपासायचे इमारतीवर सोडलेले आहे.

पैसा आणि मालकी

नाशिकमध्ये बरीच संकुले १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली येतात, काही सहकारी संस्था आहेत आणि काहींची नोंदणीच झालेली नाही. गाळेधारक मालक एक, चालवणारा भाडेकरू दुसरा. मालक म्हणतो, वापरणाऱ्याने पाहावे. भाडेकरू म्हणतो, इमारत माझी नाही. तळमजल्याचा दुकानदार गच्चीच्या टाकीसाठी पैसे द्यायला तयार नसतो, वरचा कार्यालयवाला हॉटेलच्या चरबीसाठी. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच उत्तर आधी लेखी ठरवावे लागते.

ठरवण्याची रीत अवघड नाही. उभे पाइप, टाक्या, मोटर, आवारातले चेंबर आणि गच्ची हे सामाईक. गाळ्याच्या आतली जोडणी गाळेधारकाची. सामाईक खर्च क्षेत्रफळावर. हॉटेल, रुग्णालय, सलून यांना पाण्याच्या वापरानुसार वाढीव आकार. ग्रीस ट्रॅप ज्याचे हॉटेल त्याचा, आणि तो उपसल्याची नोंद भाडेकराराची अट. निधीसाठी सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींचा आधार घेता येतो: त्यांत बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दरवर्षी दुरुस्ती-देखभाल निधीसाठी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंडासाठी सांगितले आहेत. व्यापारी संकुलाने यापेक्षा कमी ठेवण्याचे कारण नाही. त्याचा वापर घरांपेक्षा अधिक आणि अधिक कठोर असतो.

चेंबरमध्ये उतरणारा माणूस

या विषयाची सर्वांत गंभीर बाजू माणसाच्या जिवाची आहे. वर्षभर न पाहिलेले चेंबर किंवा सेप्टिक टँक अचानक भरते, दुकानांत दुर्गंधी पसरते, सगळ्यांना ताबडतोब साफसफाई हवी असते, आणि मग कोणाला तरी थोड्या पैशांत आत उतरवले जाते. आतल्या हायड्रोजन सल्फाइडने माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो आणि त्याला वाचवायला उतरणाराही. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृतांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचे सांगितले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख केली. या तरतुदी खाजगी इमारतीच्या कमिटीलाही लागू आहेत, हे फार थोड्या अध्यक्षांना ठाऊक असते.

पण दंडाच्या भीतीने नव्हे, माणुसकीने हे पाहावे. ज्या संकुलाची लाइन ठरलेल्या महिन्यात यंत्राने साफ होते, तिथे रात्री अकरा वाजता माणूस उतरवण्याची वेळच येत नाही. प्रतिबंधात्मक देखभालीचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे, आणि तो कोणत्याही हिशेबवहीत दिसत नाही.

काय करता येईल

महापालिकेने आगीच्या प्रमाणपत्राच्या धर्तीवर, हॉटेल किंवा रुग्णालय असलेल्या व्यापारी संकुलांसाठी वर्षातून दोनदा पाणी आणि सांडपाणी यंत्रणेचा तपासणी-अहवाल मागवावा. तारखा जानेवारी आणि जुलैच्याच ठेवाव्यात, म्हणजे एकाच भेटीत दोन्ही कामे होतील. त्यासाठी नवा विभाग लागणार नाही. प्लंबरना परवाने देण्याची पद्धत आहेच, तिला तपासणीची जबाबदारी जोडावी.

इमारतींनी मात्र नियमाची वाट पाहू नये. पुढच्या सर्वसाधारण सभेत तीन ठराव करावेत: सामाईक काय आणि खाजगी काय याची यादी, एका व्यक्तीकडे लेखी जबाबदारी, आणि तारखांसह वार्षिक करार. इंदिरानगरच्या जुन्या संकुलांचे पाइप आता बदलण्याच्या वयात आले आहेत. आज ही तयारी असेल तर ते मजल्यामजल्याने, दुकाने चालू ठेवून बदलता येतील. नसेल, तर कधी बदलायचे हे गाळेधारकांच्या हातात राहणार नाही.